व्हय-न्हायचं माप

आमच्या घरात दिवस सुरू झाला हे पट्ट्यांच्या आवाजावरून कळायचं. शिवाजी पेठेतल्या त्या घराला पुढं दोन खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडं आबांची पत्र्याची शेड. आबा म्हणजे माझे वडील. शेडच्या छताजवळून एक लांब लोखंडी दांडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला होता. सकाळी मोटर सुरू झाली की तो फिरायला लागायचा आणि त्याच्यावरून खाली उतरलेले कातडी पट्टे सगळ्या यंत्रांना फिरवायचे. पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की 'फट्' असा आवाज यायचा. तीन पट्टे होते आणि तिन्हींची लय निराळी. आई चुलीपुढं बसून नुसत्या त्या आवाजावर ओळखायची. म्हणायची, "लेथ थांबलं. तुझा बाप आता चहा मागणार." आणि भांडं चुलीवर चढेपर्यंत आबा दारात उभे असायचे.

त्या शेडमध्ये पाण्याचे पंप तयार व्हायचे. ओतकाम बाहेरून यायचं, बाकी सगळं घरात. आबा स्वतः लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर, असत. दोन गडी ड्रिलवर आणि उचलाठेवीला. आणि खिडकीजवळच्या टेबलावर नूरचाचा. नूर मिस्त्री आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. एकाच तालमीत अंगाला माती लावून घेतलेले. आबा लोखंड कापून भाग तयार करत, पण त्या भागांचा पंप करत ते नूरचाचा. त्यांच्या हातात कानस असे, म्हणजे लोखंड घासायचं खरबरीत पातं, आणि त्यांच्या हाताखाली शंकर नावाचा जोडारी, म्हणजे फिटर. पंपाच्या आत एक दांडा फिरतो, तो शाफ्ट. शाफ्ट ज्या पितळी नळीत फिरतो तो बुश. आणि बुश ज्या भोकात ठोकून बसवतात त्याला आम्ही 'घर' म्हणायचो. चाचा शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचे, तो बुशमध्ये घालून एकदा फिरवायचे, बाहेर काढायचे, आणि बुशच्या आत जिथं निळं लागलं असेल तिथंच हलक्या हातानं खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. शेवटी शाफ्टला बोटानं टिचकी मारली की तो आपोआप दोन-तीन फेरे घ्यायचा. मग चाचा कान जवळ नेऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हां. आता बोलला."

आईच्या भाकऱ्यांचंही तसंच होतं. दुपारी शेडमधली सगळी माणसं अंगणात जेवायला बसत. डबे ज्याचे त्याचे, पण गरम भाकरी आमच्या चुलीवरची. आबांना जाड आणि मऊ लागायची, चाचांना पातळ, कडा करपलेली. शंकरला कोणतीही चालायची, पण खर्डा मात्र डोळ्यांतून पाणी आणणारा हवा. आई न विचारता ज्याची त्याला वाढायची. हे सगळं मला तेव्हा इतकं रोजचं वाटे, की त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं मनातही आलं नाही.

पुढं मी आयुष्यभर एका कॉलेजात उत्पादन व्यवस्थापन शिकवलं. आता त्यालाच ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणतात. नाव बदललं तरी गाभा तोच: काम कुठून यावं, कुणाच्या हातून कोणत्या क्रमानं जावं, किती वेळात आणि कशा प्रतीचं बाहेर पडावं, याची घडी बसवणं. पहिला धडा नेहमी इतिहासाचा. आधी कारागीर, जो एकटा अख्खी वस्तू घडवतो. मग टाचणीसारख्या क्षुल्लक वस्तूचंही काम दहा जणांत वाटून घेणं. मग एकासारखे एक सुटे भाग, जे कुठल्याही नगाला बसतात. मग हातात घड्याळ घेऊन मजुराच्या हालचाली मोजणारे साहेब. मग माणूस जागेवर आणि कामच त्याच्यापुढून सरकत जाणारं. मुलं हे पाठ करत, पेपरात लिहीत आणि विसरत. या इतिहासातलं एक पान आमच्या शेडमध्ये उलटलं गेलं आणि ते उलटताना माझ्या हातून एका माणसाचं मन दुखावलं, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. ते इथं लिहिते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला, दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात एकटी मुलगी. पेठेत बायका आईला विचारायच्या, "शालनला लोखंडात घालून काय मिळणार हाय?" आई म्हणायची, "जन्मली तवाच लोखंडात पडली की ती. आता कागद मिळू दे."

त्या उन्हाळ्यात मलकापूरच्या बाजूची हौसाबाई आमच्याकडं पहिल्यांदा आली. नवरा मुंबईला मिलमध्ये, घरचं रान ही बघायची. काटक, सावळी, आवाज असा की पट्ट्यांच्याही वर ऐकू यावा. तिच्या विहिरीवर आमचा पंप होता. त्यातला बुश झिजला होता, तो फडक्यात बांधून घेऊन आली होती. चाचांनी तसाच एक नवा करून दिला. ती एसटीनं गेली. चार दिवसांनी परत आली. बुश घरात जातच नव्हता. चाचांनी दुसरा दिला, किंचित कमी करून. आठवड्यानं ती तिसऱ्यांदा आली. आबांच्या टेबलावर तिनं दोन्ही बुश आपटले.

"ह्यो जात न्हाय आन् ह्यो ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "माझा भुईमूग वाळाय लागलाय मिस्त्री. तीन येळा येष्टी केली मी."

आबा म्हणाले, "आक्का, अख्खा पंप आणायला पायजे होता. हे अंदाजानं होत न्हाय. प्रत्येक पंपाचं माप वायलं."

"का वायलं? पंप तुमीच केलाय न्हवं? माझी दोन पोरं माझ्यासारखी दिसत्यात आन् तुमचे दोन पंप एकासारखे एक न्हाईत?"

चाचा उठून पुढं आले. "आक्का, मी येतो तुमच्यासंगं. हिरीवर बसून लावून देतो."

हौसाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. राग थोडा उतरला होता, पण बोलणं उतरलं नव्हतं. "तुमचा हात लई गुणाचा हाय, मला म्हाईत हाय. मागं एकदा हिरीवर यिऊन तुमी लावून दिलेला पंप चार वर्सं कुरकुरला न्हाय. पर त्यो हात काय माझ्या हिरीवर टांगलेला हाय व्हय? तुमी नसला तर मी काय करायचं?"

चाचा पिशवीत कानस आणि निळा रंग घालून त्याच एसटीनं तिच्याबरोबर गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. निम्मा भुईमूग वाचला होता. निम्मा गेला होता.

'तुमी नसला तर मी काय करायचं?' हे हौसाबाईचं वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. त्याच सुमारास कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या पुस्तकात मी एक गोष्ट वाचली होती. परदेशातल्या एका बंदुका बनवणाऱ्या माणसानं अधिकाऱ्यांसमोर दहा बंदुका खोलल्या, सगळे भाग एका ढिगात मिसळले आणि हाताला येईल तो भाग घेऊन पुन्हा दहा बंदुका जोडल्या. घासणं नाही, ठोकणं नाही. त्यासाठी त्यानं मापाचे साचे केले होते. त्यांना गेज म्हणतात. भोकासाठी गेज म्हणजे पोलादाची एक छोटी दांडी. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं टोक जाताच कामा नये. दोन्ही जमलं तर माप बरोबर. वाचायला लागत नाही, आकडा लागत नाही.

मी ते आबांना सांगितलं. आधी हसले. पण हौसाबाई त्यांच्याही मनातून गेली नव्हती. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "तुझी ती दांडी काढ बघू कागदावर." आणि योग असा, की त्याच आठवड्यात गडमुडशिंगीच्या पाणी संस्थेचे चेअरमन आले. नदीवरून पाणी उचलायला त्यांना बारा पंप हवे होते. अट एकच. मोडलेला भाग गावातच बदलता आला पाहिजे. "पंप घिऊन कोल्हापूरला फिरायला आमी काय वरातीत न्हाई," ते म्हणाले. आबांनी शब्द दिला. महिन्यानं ते बघायला येणार होते. त्या अख्ख्या वर्षात आमच्याकडं एवढं मोठं काम दुसरं आलं नव्हतं. ते हातचं गेलं असतं तर शेडमधल्या दोघांना घरी बसवावं लागलं असतं, हे आबा बोलले नाहीत तरी सगळ्यांना कळत होतं.

मी कॉलेजातून आले की थेट शेडमध्ये. मी आकडे काढले, आबांनी लेथवर गेज केलं. गड्यांनी त्याला लगेच नाव ठेवलं, 'व्हय-न्हाय'. जाणारं टोक व्हय, न जाणारं टोक न्हाय. दिवसभर शेडमध्ये आरडाओरडा चालायचा: "व्हय गेलं का रं?" "गेलं!" "न्हाय?" "न्हाय न्हाय गेलं!" आई आतून हसायची.

चाचा हसत नव्हते. ते चार दिवस नुसते बघत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "शालू, मग आता मी काय करायचं?"

खरं म्हणजे तो प्रश्न मी नीट ऐकायला हवा होता. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि आयुष्यात प्रथमच शेडमधली मोठी माणसं माझ्या आकड्यांवर चालत होती. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही नुसतं जोडायचं. आता कानस लागणारच नाही. आमच्या पुस्तकात लिहिलंय, जिथं कानस लागते तिथं आधी काहीतरी चुकलेलं असतं."

लेथ चालू होतं तरी सगळ्यांनी ते ऐकलं. चाचांनी खण उघडला. कानशी एकेक करून पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या, खणात ठेवल्या. टेबल झाडलं. टोपी घातली आणि अंगणातून जाताना आईला म्हणाले, "वहिनी, उद्यापासनं माझी भाकरी टाकू नका."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आई मात्र पातळ भाकरी रोज करत राहिली. ती टोपलीत तशीच उरायची, आणि संध्याकाळी ती मलाच वाढायची.

चेअरमन यायला आठ दिवस उरले तेव्हा सगळे भाग तयार झाले. प्रत्येक बुश व्हय-न्हायवर तपासलेला. एकही नापास नव्हता. मी आबांना म्हटलं, "आता जोडा." आबांनी पहिला बुश घरात ठोकला आणि शाफ्ट घातला. शाफ्ट निम्मा गेला आणि अडकला. दुसरा पंप घेतला. तोही तसाच. बारापैकी नऊ पंप अडले. उरलेले तीन फिरले, पण जात्यासारखे जड. आबांनी मोटर बंद केली. वरचा दांडा हळूहळू थांबला, पट्टे लोंबायला लागले. भर दुपारी शेडमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

शंकर म्हणाला, "आबा, मी घासून बसवू का? आठ दिवसांत होतील."

"बसव की," आबा म्हणाले, "पर मग ते त्यांनी मागितलेले पंप न्हाईत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नूरकडं जायला पायजे. मी गेलो तर दोस्तीखातर येईल. तू जा."

चाचांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मी गेले तेव्हा ते उंबऱ्यावर बसून शेजाऱ्याच्या दाराची बिजागरी नीट करत होते. चाचींनी मला आत बोलावलं, पण मी तिथंच पायरीवर टेकले. चाचांनी मान वर केली नाही.

"काय अडलं?"

"शाफ्ट जात नाही."

"गेज काय म्हणतंय?"

"गेज व्हय म्हणतंय."

"कवा म्हणतंय? बुश हातात असताना का घरात ठोकल्यावर?"

ठोकल्यावर मी तपासलंच नव्हतं. चाचांनी बिजागरी खाली ठेवली. हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हातानं ती मूठ आवळून धरली. "बुश घरात घट्ट ठोकला की सगळीकडनं दाबला जातो. आतलं भोक बारीक हुतंय. गच्च सदरा घातल्यावर कसं छातीला आवळतंय, तसं. पितळ हाय त्ये, दगड न्हाय."

"किती बारीक होतं?"

"त्ये मला न्हाय म्हाईत. हाताला म्हाईत हाय. मी तेवढंच खरवडून काढतो."

ज्या कानशीला मी चूक म्हटलं होतं, ती माझ्या पुस्तकात न आलेली गोष्ट वर्षानुवर्षं गुपचूप दुरुस्त करत आली होती. मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं," ते म्हणाले. "पुस्तकाला हात न्हाईत, त्याला काय म्हाईत. तुला तर दोन हाईत." मग आत वळून ओरडले, "अगं, टोपी कुठाय माझी?" चाचींनी टोपी दिली, पण चहा घेतल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही सोडलं नाही.

पुढचे सात दिवस माझ्या आयुष्यातलं खरं शिक्षण होतं. डिप्लोमा, पुढची पदवी, त्यानंतरची परीक्षा, सगळं त्यानंतर आलं. चाचा एकेक बुश ठोकायचे, त्यांच्या सवयीनं खरवडायचे, आणि मी खरवडण्याआधी आणि नंतर आतलं माप घ्यायची. पाटीवर आकडे लिहायची. दहाव्या बुशपर्यंत आकडे एका जागी येऊन बसले. चाचांचा हात प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढंच काढत होता. आपला हात एवढा एकसारखा चालतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. पाटीकडं बघून म्हणाले, "आयला, मी बी गेजच हाय की." तेवढ्या फरकानं आम्ही बुशांची भोकं आधीच मोठी धरली, आणि ठोकल्यावरच्या तपासणीसाठी दुसरं गेज करायचं ठरवलं.

आणि ते गेज लेथवर होईना. आबांनी चार केली, चारही किंचित चुकली. एवढा बारीक फरक आमच्या जुन्या लेथला धरता येत नव्हता. तेव्हा चाचांनी खणातून फडकं काढलं. आधी बारीक कानस, मग तेल लावलेला दगड. पूर्ण दोन दिवस ते एका बोटाएवढ्या दांडीवर बसून होते. घासायचं, गार होऊ द्यायचं, मोजायचं. हाताची ऊबसुद्धा माप बदलते, म्हणून ती फडक्यात धरायची हे मला त्यांनीच सांगितलं. पुढं मी वर्गात मुलांना सांगत असे, की एकासारखे एक भाग यंत्रातून निघतात, पण ते ज्या मापावर तपासतात ते पहिलं माप कुठंतरी कुणीतरी हातानं केलेलं असतं. मुलं मान डोलवत. मला मात्र बोलताना खिडकीजवळची ती पाठ दिसायची.

चेअरमन आले ते चौघांना घेऊन. आबांनी अंगणात बारा पंप खोलून ठेवले होते. घरं एका बाजूला, शाफ्टचा ढीग, बुशांचा ढीग, पाणी ढकलणाऱ्या पंख्यांचा ढीग. चेअरमननी स्वतः काठीनं ढीग ढवळले. चाचा पुढं बसले आणि आबा म्हणाले, "बोला, कुठला भाग देऊ ह्याला?"

चेअरमन हसले. "असं न्हाय पावणं. ह्यो नूर मिस्त्री हाय, ह्याच्या हाताला लोखंड ऐकतंय हे अख्ख्या जिल्ह्याला म्हाईत हाय. ह्यानं जोडला म्हंजी जोडलाच. आमच्या गावात नूर मिस्त्री न्हाय. कुणीबी जोडून दाखवा." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. आई चहाचं ताट घेऊन अंगणात येत होती. "ह्या वहिनींनी जोडू दे."

आईनं इतक्या वर्षांत पंपाला कधी हात लावला नव्हता. हाताला भाकरीचं पीठ होतं. तिनं आबांकडं पाहिलं, आबांनी चाचांकडं. चाचांनी मान हलवली. आईनं ताट जोत्यावर ठेवलं, पदर खोचला आणि मांडी घालून बसली. "काय कुठं जातंय तेवढं तोंडानं सांगा भावजी. हात कुणी लावायचा न्हाय."

चाचा हात पाठीमागं बांधून सांगायला लागले. आईनं ढिगातून एक बुश उचलला, घरावर धरला, वर लाकडी ठोकळा ठेवला आणि हातोडी मारली. मसाला कुटून तयार झालेला हात, नेम चुकेल कसा? तीन ठोक्यांत बुश बसला. मी व्हय-न्हाय तिच्या हातात दिलं. व्हय गेलं. न्हाय अडलं. मग तिनं शाफ्ट उचलला. तो वाकडा धरला गेला आणि तोंडाशीच अडला. "सरळ धरा वहिनी," चाचा म्हणाले, "देवापुढं उदबत्ती लावता तसा." शाफ्ट सुळकन आत गेला. आईनं त्याला बोटानं टिचकी मारली. तो फिरला, आणि फिरतच राहिला.

तसे तिनं तीन पंप जोडले. तिन्ही हौदावर लावले, पाणी भरून मोटर सुरू केली, तिन्हींनीही मनगटाएवढी धार टाकली. चेअरमन भिजले आणि आनंदानं शिव्या देत बाजूला सरले. काम आम्हाला मिळालं.

चाचा आईजवळ आले. "वहिनी, हे यायला मला बारा वर्सं लागली. तुमी चुलीवर भाकरी ठेवून केलंत."

आई म्हणाली, "मग आता आत जावा आन् ती भाकरी करपायच्या आत उलटा. बघू किती वर्सं लागत्यात!"

अंगणभर हशा झाला. चाचाही हसले. पण नंतर मी शेडमध्ये गेले तेव्हा ते आपलं टेबल पुसत होते, आणि टेबलावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर शेड बदलली. पंप दुप्पट होऊ लागले, पुढं आबांनी उद्योगनगरात जागा घेतली. चाचांना गेजची वेगळी खोली मिळाली आणि डोळे शाबूत होते तोवर तिथं त्यांचा शब्द शेवटचा होता. शंकरचं मात्र काम उरलं नाही. आबांनी त्याला ड्रिलवर घेतलं होतं, पण कानशीच्या माणसाला तिथं करमेना. तो एका ओतशाळेत गेला आणि पुन्हा फारसा दिसला नाही. इतिहासाच्या धड्यात अशा माणसाला एक ओळही नसते. मी शिकवतानाही कधी घातली नाही. आज या वयात ते मला बरं वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हौसाबाईचा निरोप आला. पंप पुन्हा झिजला होता. नवीन बुश तिच्या जुन्या पंपाला बसणार नव्हता. तो गेजच्या आधीचा, चाचांच्या हातचा. अशा शेकडो पंपांना चाचांखेरीज कुणी वाली नव्हता. ते निघाले आणि मला म्हणाले, "चल, कॉलेजला सुट्टी हाय तर." मलकापूरला उतरून आम्ही तासभर चाललो. विहिरीवर पोचताच चाचांनी पंपावर हात ठेवला. त्याच्या अंगावरची ओतकामाची खरखर त्यांना ओळखीची होती. "ह्यो माझाच," ते म्हणाले.

मला वाटलं, मागच्यासारखा निळा रंग लावून तासाभरात उरकतील. पण त्यांनी बुशऐवजी घरच खरवडायला घेतलं. जांभळीच्या सावलीत मांडीवर तो बिडाचा ठोकळा घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत. बीड खरवडणं म्हणजे दगड खरवडणं. हौसाबाईनं नाचणीची भाकरी, खर्डा आणि ताक आणलं. ते घाईघाईनं जेवले आणि पुन्हा बसले. मी विचारलं, "चाचा, घर का मोठं करताय? बुश कमी केला असता तर केव्हाच झालं असतं."

"घराचं व्हय-न्हाय दे," ते म्हणाले.

त्यांनी ते आत घातलं. व्हय गेलं. न्हाय अडलं. मग मला कळलं. ते जुना पंप नव्या मापाचा करत होते. पिशवीतून त्यांनी कारखान्यातला नवा शाफ्ट काढला, नवा बुश काढला आणि हाक मारली, "आक्का, या हिकडं. हातोडी घ्या. तुमी बसवायचा."

"मी?"

"तुमीच."

हौसाबाईनं बसवला. पाणी पाटात पडलं आणि भुईमुगाकडं पळालं. चाचांनी आणखी दोन बुश फडक्यात बांधून तिच्या हातात दिले. "झिजला की ह्यो घालायचा. ह्येच माप बसणार आता, कवाबी. मला बोलवायचं न्हाय."

तिनं गाठोडं हातात तोलून बघितलं. मग त्यांच्याकडं. चाचांच्या हाताला बिडाची काळी पूड होती, दोन बोटं सोललेली होती.

"आन् उगंच बोलवावंसं वाटलं तर?" ती म्हणाली.

"तर जेवाय येतो की."

आणि ते जायचे. दर वर्षी भुईमूग निघाला की एसटी धरायचे, मलकापूरला उतरून चालत जायचे, जांभळीखाली बसून तिच्या हातची नाचणीची भाकरी खायचे. पंप चालू असायचा. त्याला हात लावायचे नाहीत. नुसतं ऐकायचे.